अर्धपारदर्शक रेघेत गडद ठिपके का येतात?

तुम्ही लिहिलेल्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये बोटाने हायलायटरसारखी रेघ काढली की मण्यांची माळ दिसते, हेच ना? तुम्ही कोडमध्ये बोटाच्या प्रत्येक हालचालीला नवा तुकडा रंगवताय. टोकं गोल, म्हणून शेजारचे तुकडे एकमेकांवर चढतात. ५०% वर ५०% बसलं की तिथे रंग ७५% होतो. तोच मणी. टोकं चपटी करू नका, वळणावर फटी पडतात (माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली).

बोट टेकल्यापासून एकच पाथ (रेघेचा सलग मार्ग) वाढवत न्या, दर फ्रेमला (पडदा नव्याने रंगताना) तो अख्खा एकदाच काढा. रेघ स्वतःला छेदली तरी गडद होत नाही. बिटमॅपवर (साठवलेल्या चित्रावर) मात्र बोट उचलल्यावरच उतरवा, नाहीतर थर साचतात. जाडी बदलती हवी असेल तर तुकडे अपारदर्शक काढा आणि सेव्हलेयरअल्फाने (saveLayerAlpha, अख्ख्या थराला एकच पारदर्शकता देणारं फंक्शन) अख्ख्या थराला १२८ (२५५ पैकी, म्हणजे साधारण ५०%) द्या.