साहेबाविरुद्ध बोललं तर पोराची नोकरी जाईल का?

बेळगावात समुपदेशनाचं काम करायचं म्हणजे फौजेतली घरं येणारच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, आणि हिंडलगा-येळ्ळूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत प्रत्येक गल्लीत एखादा निवृत्त हवालदार नाहीतर सुभेदार सापडतोच. बहुतेक जण झोप, दारू, नवरा-बायकोतली धुसफूस असं काहीतरी घेऊन येतात. पण अलीकडं एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो: वरचा साहेबच चुकीचं करतोय, सांगितलं तर आमच्या पोराचं काय होईल? त्यातलीच ही एक गोष्ट. घरच्यांच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

खानापूर तालुक्यातला मुलगा, अग्निवीर, तिसरं वर्ष चालू. सुट्टीवर आला होता. त्याला त्याची अक्का घेऊन आली, कारण तो जेवत नव्हता आणि रात्री दोन-तीनपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचा. बरोबर वडील, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. मुलगा खुर्चीच्या कडेला बसला. बोलताना उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा घासत होता, शाई पुसावी तसा.

त्याची नेमणूक युनिटच्या रेशन स्टोअरमध्ये मदतीला होती. माल येतो, काट्यावर चढतो, रजिस्टरमध्ये वजन लिहिलं जातं. काटा 38 किलो दाखवायचा, स्टोअरचे सुभेदार 45 लिहायला लावायचे. खाली सही याची. सुरुवातीला वाटलं, काहीतरी हिशेबाची पद्धत असेल. मग एकदा त्यानं विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘तुझं चौथं वर्ष जवळ आलंय ना? पक्कं व्हायचंय ना?’’

या एका वाक्यानं त्याची झोप उडाली होती. अग्निवीरांतले फार तर 25 टक्के कायम होतात, बाकीचे चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण 11 लाख 71 हजार घेऊन घरी. शेरा वरच्यांचा. अशा मुलाला ‘निर्भय हो’ म्हणणं फार सोपं असतं. बोलणाऱ्याचं काय जातंय?

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘मॅडम, वर्दीतली गोष्ट वर्दीत राहू दे. पलटणीची इज्जत असते.’’ जरा वेळानं खरं कारण बाहेर आलं. ते सुभेदार गडहिंग्लजकडचे. वडिलांच्या ओळखीतले, दोन्ही घरांचं जाणं-येणं, आणि अक्काच्या सोयरिकीचं बोलणं त्यांच्याच नात्यात चाललेलं. आमच्या सीमाभागात हे असंच असतं. जिल्हा इकडचा, पै-पाहुणे तिकडचे, आणि पलटण दोन्हीकडची. तक्रार एका साहेबाविरुद्ध आणि तुटतात चार घरं. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसत नाही. पण घरातली भीती इथंच असते, म्हणून आमचा बराच वेळ यावरच गेला.

मी वडिलांना विचारलं, ‘‘मामा, तुमच्या वेळी स्टोअरचा माल कमी भरला तर कुणाला धरायचे?’’

‘‘ज्याची सही त्याला,’’ ते पटकन म्हणाले. आणि मग मुलाकडं बघत राहिले.

तोपर्यंत घरात एकच वाद चालला होता, तक्रार करायची की गप्प बसायचं. पण गप्प बसणं म्हणजे रोज सही करत राहणं, हे कुणी मोजलंच नव्हतं. मुलाला फक्त साक्षीदार व्हायची भीती वाटत होती. प्रत्यक्षात तो रोज थोडा थोडा आरोपी होत चालला होता. मी तक्रार कर असं सांगितलं नाही, करू नकोस असंही नाही. तो निर्णय त्याचा. खोटी सही थांबवायची की नाही, एवढंच आधी ठरवू म्हटलं.

कायद्याचं मी बोलत नाही, त्यासाठी लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलांकडं पाठवलं. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. आर्मी ॲक्ट 1950 मधल्या कलम 57 प्रमाणं खोटी सरकारी नोंद करणाऱ्याला 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हुकूम मोडल्याचा गुन्हा होतो तो कायदेशीर हुकूम मोडला तर. स्वतःवर अन्याय झाला असं वाटलं तर कलम 26 प्रमाणं जवान कंपनी कमांडरकडं जाऊ शकतो, आणि तक्रार त्यांच्याचविरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडं. आणि खोटं आहे हे माहीत असून आरोप केला तर कलम 56 लागतं, पाच वर्षांपर्यंत. मुलगा हे ऐकून घाबरला. मला मात्र हे शेवटचं कलम त्याच्या कामाचं वाटलं.

त्याच्याकडं दोन पानं लिहून तयार होती. पेन दिलं आणि म्हटलं, डोळ्यांनी बघितलंय ते ठेव, ऐकीव आहे त्याला गोल कर, अंदाज आहे तो खोड. ‘मोठे साहेबपण सामील आहेत’ खोडलं गेलं. ‘माल बाजारात विकतात’ याला गोल. ‘हा माणूस आधीपासूनच असला’ हेही गेलं. शेवटी अर्धं पान उरलं: तारखा, काट्यावरचं वजन, लिहिलेलं वजन, आणि पक्कं होण्याबद्दलचं ते वाक्य. अर्धं पान बघून त्याचे खांदे जरा खाली आले. एवढंच तर सांगायचंय, असं तोच म्हणाला.

एक धोका टळला तोही सांगते. रजिस्टरचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते आणि मावसभाऊ यूट्यूबवर टाकायला टपून बसलेला. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाच्या तक्रारीचा व्हिडिओ टाकला होता. देशभर गाजला, आणि एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं. त्याच जानेवारीत लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायची घोषणा केली आणि समाजमाध्यमांवर जाऊ नका असंही बजावलं. तक्रार खरी की खोटी हा प्रश्न बाजूलाच राहतो, बाहेर बोललास का यावरच सगळं फिरतं. फोटोंचं काय करायचं ते वकिलांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत, पुसायचेही नाहीत, एवढं अक्कानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मावसभावाला तिनंच झापलं.

मग आम्ही एका वाक्याची तालीम केली. युनिटमध्ये बोलणं हिंदीत, म्हणून तालीमही हिंदीत: ‘‘साब, काँटे पे जो आएगा, वही लिखूँगा।’’ आवाज चढवायचा नाही, पुढं कारण द्यायचं नाही. सुभेदाराची भूमिका वडिलांनी केली आणि असले डाफरले की शेजारच्या खोलीतून माणूस बघायला आला. मुलगा हसला.

परत गेल्यावर त्यानं ते वाक्य म्हटलं. दोन दिवसांत स्टोअरमधून काढून त्याला गार्ड ड्यूटीला टाकलं. सुटलो, असं आधी वाटलं. मग त्याच्या जागी दुसऱ्या अग्निवीराला बसवलं, आणि सही आता त्याची सुरू झाली. तेव्हा यानं कंपनी कमांडरच्या इंटरव्ह्यूसाठी, म्हणजे समोरासमोर भेटीसाठी, अर्ज दिला आणि ते अर्धं पान पुढं ठेवलं. चौकशी लागली, याचा जबाब झाला. पुढचं युनिटच्या आत आहे, ते मी विचारत नाही. झोप बरीच सुधारलीय, असं तो फोनवर म्हणाला.

सोयरीक मोडली. अक्काला त्याचं फारसं दुःख दिसलं नाही. पण सुभेदारांच्या घरच्या बाईंनी आईशी बोलणं सोडलंय आणि माउली मनाला लावून घेऊन बसलीय. वडील अजून दर फोनला एकच विचारतात, पंचवीस टक्क्यांत बसेल का हो आमचा? ते मला सांगता येत नाही. पुढच्या वेळी येताना मामींना घेऊन या, एवढं मात्र सांगितलंय.