आंजर्ल्याचा बंगला: विसार देण्याआधी

नमस्कार ताई,

तुम्ही आकडे मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही थेट लिहितो. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला पुळणीला (समुद्रकाठच्या वाळूला) लागून असलेला जांभ्याचा जुना बंगला १ कोटी १० लाखांना मिळतोय. तुमचे यजमान ५२ वर्षांचे आहेत, नोकरीची आठ वर्षं उरलीत. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ९५ लाख आहेत. त्यातले ७५ लाख मोडायचे, ५० लाखांचं कर्ज काढायचं, वर दोन खोल्या चढवायच्या आणि किनाऱ्यावर विणीला येणारी कासवं बघायला येणाऱ्यांना भाड्याने देऊन वर्षाला सहा लाख मिळवायचे, असा बेत आहे. या पैशांतून हा बंगला घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वरच्या दोन खोल्यांचं बघू, कारण सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. घर भरतीरेषेपासून १२० मीटरवर असल्याचं तुम्ही लिहिलंय. २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) आहे तेवढंच ठेवून. म्हणजे मजला चढवणं बाद. त्यातही कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड-१ मध्ये, सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येतात. इथे येणारं ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं कासव आहे. ज्या कासवांमुळे या जागेचा भाव चढलाय, त्यांच्यामुळेच तिथे बांधायला मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे उजेड दिसेल तिकडे सरपटतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. गच्चीवर दिवा लागला की ती गावाकडे वळतात. तुम्हाला कासवांची माया आहे हे पत्रात दिसतंच, म्हणून हे लिहिलं.

आता भाडं. सहा लाख म्हणजे पाच हजारांच्या दराने १२० रात्री. एवढ्या रात्री भरत नाहीत, ताई. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं बाहेर पडायला पन्नासेक दिवस लागतात. पाहुणे येतात ते मुख्यतः फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेही शनिवार-रविवारी. सकाळी आणि संध्याकाळी हॅचरीतल्या, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या, घरट्यावरची टोपली उचलतात; कधी खाली पिल्लं असतात, कधी नुसती वाळू. दिवाळी, नाताळ धरून ४५ रात्री भरल्या तरी मी चांगलं म्हणेन. म्हणजे सव्वादोन लाख. पावसाळ्यात कुणी फिरकत नाही, पण राखणदाराचा पगार चालूच राहतो. महिना १२ हजार धरले तर दीड लाखाच्या आसपास तिथेच गेले. खारी हवा गज, बिजागऱ्या, पंप, एसी काही सोडत नाही. रंग, दुरुस्ती, वीज, घरपट्टी, विमा मिळून आणखी पावणेदोन लाख धरा. भाडं वजा जाता लाखभर खिशातूनच घालावे लागतील.

त्यावर कर्जाचा हप्ता. पावणेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी ५० लाख म्हणजे महिन्याला जवळपास ५० हजार, आणि त्यातली शेवटची सात वर्षं पगार नसताना. मला खरी काळजी मोडलेल्या ७५ लाखांची आहे. नऊ टक्क्यांनी वाढले तर यजमान निवृत्त होताना त्यांचे दीड कोटी होतात. बंगलाही वाढेल म्हणाल. वाढेलही, पण आजारपणात न्हाणीघर तेवढं विकता येत नाही. आणि शिल्लक २० लाखांत लेकीचं शिक्षणही बसवायचंय.

कागदांचं थोडक्यात सांगतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर वारसांची नावं ढिगाने असतात, निम्मे मुंबईत. एकाची सही राहिली तरी व्यवहार अडतो. कुळाची (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची) नोंद आहे का तेही बघा. जमीन बिनशेती नसेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर परवानगीशिवाय ती तुमच्या नावावर होणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या, तेव्हा छप्पर कधी बदललं ते मालकांना विचाराच. घराला भारत गृह रक्षा या घरविम्याच्या पॉलिसीत वादळाचं संरक्षण मिळतं, पण वाडीतले माड त्यात येत नाहीत.

मग करावं काय? आंजर्ल्यात किंवा कासवांच्याच वेळास गावात गावकऱ्यांच्या घरी जेवणासकट राहता येतं. दोघांचे दिवसाला तीन हजार धरले, तरी वर्षातला अख्खा महिना तिथे काढायला ९० हजार लागतात, आणि ते पैसे किनारा राखणाऱ्या गावातच राहतात. दोन-तीन हंगाम असे काढा, एखादा पावसाळाही बघा. तरीही घर हवंसं वाटलं तर किनारा सोडून आत, गावठाणातलं लहानसं घर शोधा. तीस-पस्तीस लाखांत, कर्ज न काढता बसत असेल तर मी अडवणार नाही.

मालक पाडव्याला पाच लाख विसार मागताहेत, तो देऊ नका. इतकं करूनही हाच बंगला मनात राहिला, तर सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी आणि किनारा व्यवस्थापन आराखड्यात ही जमीन कुठे येते तो नकाशा, एवढं मालकांकडून मागून घ्या. ते दापोलीच्या दिवाणी वकिलाला दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या. लेखी द्यायला तो कचरला, तर तिथेच थांबा.