व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनच्या सोर्स कोडमध्ये बदल करून तो तपासावा कसा?

आपण विचारले आहे की, व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये बसवलेल्या एक्स्टेन्शनची (जादा सुविधा देणाऱ्या पूरक प्रोग्रॅमची) फाइल थेट बदलूनही फरक का दिसत नाही आणि हे काम नीट कसे करावे.

बसवलेल्या एक्स्टेन्शनच्या फोल्डरला हात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे बहुधा टाइपस्क्रिप्ट या भाषेतील मूळ कोडपासून तयार झालेली, आकसून एकत्र केलेली जावास्क्रिप्ट असते. ती वाचणे कठीण असते आणि पुढचे अपडेट आले की आपले बदल जुन्या आवृत्तीबरोबर मागे पडतात. त्याऐवजी मूळ रिपॉझिटरी (सोर्स कोडचा साठा) क्लोन करावी, म्हणजे तिची प्रत आपल्या संगणकावर घ्यावी, कोडला लागणारी इतर पॅकेजेस बसवण्यासाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही कमांड चालवावी, तो फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडावा आणि एफ5 दाबावे. रिपॉझिटरीत लाँच कॉन्फिगरेशन (कोड कसा सुरू करायचा याची सेटिंग) दिलेले असेल, तर ‘एक्स्टेन्शन डेव्हलपमेंट होस्ट’ नावाची दुसरी विंडो उघडते आणि तिच्यात आपला कोड चालतो.

आपलाच कोड चालतो आहे ना, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. मी स्वतः एकदा संपूर्ण संध्याकाळ ‘एसआरसी’ या मूळ कोडच्या फोल्डरमधील फाइल बदलत बसलो होतो, पण ‘पॅकेज डॉट जेसन’ या माहितीच्या फाइलमधील ‘मेन’ ही नोंद (कोणती फाइल चालवायची ते सांगणारी) ‘डिस्ट’ या तयार कोडच्या फोल्डरमधील फाइलकडे होती आणि वॉच टास्क (बदल होताच कोड पुन्हा कंपाइल करणारे काम) बंद असल्यामुळे ती फाइल जुनीच राहिली होती. तेव्हापासून मी ‘ॲक्टिव्हेट’ या, एक्स्टेन्शन सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एक लहानसा संदेश दाखवणारा कोड घालतो. खाली उजव्या कोपऱ्यात तो संदेश उमटला, की मगच खऱ्या बदलाला सुरुवात करतो. संदेश दिसला नाही, तर ‘ॲक्टिव्हेशन इव्हेंट’, म्हणजे एक्स्टेन्शन कशामुळे सुरू होते याच्या नोंदी, पाहावेत. केवळ पायथनच्या फाइलसाठी सुरू होणारे एक्स्टेन्शन तशी फाइल उघडेपर्यंत सुरूच होत नाही. नंतरच्या प्रत्येक बदलानंतर, कंपाइल पूर्ण झाल्यावर, होस्ट विंडो रीलोड केली की पुरते.

रिपॉझिटरीत चाचण्या असतील, तर बदलापूर्वी एकदा त्या चालवाव्यात, म्हणजे आधीपासूनच नापास होणारी चाचणी आपल्या माथी येत नाही.

बदललेली आवृत्ती रोज वापरायची असल्यास ‘व्हीएससीई पॅकेज’ या कमांडने व्हीएसआयएक्स फाइल (एक्स्टेन्शन बसवण्याची फाइल) तयार करून ती बसवावी. त्याआधी ‘पॅकेज डॉट जेसन’मधील ‘पब्लिशर’चे (प्रकाशकाचे) नाव बदलावे, नाहीतर अपडेटमध्ये मूळ आवृत्ती परत येऊ शकते. नाव बदलल्यावर मूळ एक्स्टेन्शन बंदही करावे, कारण दोघांनी एकच कमांड नोंदवली तर दुसऱ्याची नोंदणी त्रुटी देऊन थांबते.