संचकार देण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शहापुरातल्या त्या जुन्या घराविषयीचे तुझे पत्र मिळाले. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा अभियंत्याला घर दाखवण्याची अट सोडा आणि परवाच संचकार (विसाराची रक्कम) द्या, असा दलालाचा आग्रह आहे आणि तुझाही कल तिकडेच दिसतो. माझे मत विरुद्ध आहे.

बोजा पत्र निरंक आहे, म्हणजे घरावर कर्ज-गहाणाची नोंद नाही, आणि ई-खाते (पालिकेतली मालमत्तेची नोंद) विकणाऱ्याच्याच नावावर आहे, म्हणून तू निर्धास्त झालास. पण त्या कागदांवरून नावाच्या आणि बोजाच्या नोंदी कळतात, घराची प्रकृती कळत नाही. बँकेचा माणूस येईल तोही कर्जापुरती किंमत ठरवून जाईल. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यातील कलम 55 प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेले पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारे महत्त्वाचे दोष त्याने सांगायचे असतात. म्हणजे नीट पाहिले असते तर जे दिसले असते, त्याबद्दल नंतर भांडायला तुला फारशी जागा उरत नाही. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यातील बांधकामाच्या दोषांची 5 वर्षांची जबाबदारी नवे प्रकल्प बांधणाऱ्यांवर आहे. तुझ्या जुन्या घराला तिचा उपयोग नाही.

मी स्वतः ऐन वैशाखात, ताज्या रंगाला भुलून, तपासणीशिवाय घर घेतले होते. आषाढात देव्हाऱ्यामागची भिंत पाझरू लागली, तेव्हा रंगासाठी उन्हाळाच का निवडला होता, हे मला उमगले. (तुझ्या काकूने ते अजून विसरू दिलेले नाही.) आपल्याकडच्या पावसात मातीच्या भिंतीचा पायथा ओला राहतो, आणि घराखाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते, मग चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. कौलांखालचे वासे वाळवीने पोकळ झाले असले, तरी खालून पाहून ते कळत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हे दलालाला विचारू नकोस, समोरच्या घरातल्या आजींना विचार.

घर पाडून नवे बांधायचे असेल आणि किंमत निव्वळ जागेची असेल, तर भिंतींची तपासणी खुशाल सोड. मात्र मोजणी करून घे. तुला तर त्याच घरात राहायचे आहे. म्हणून संचकारपत्रातच लिहून घे की 10 दिवसांत तुझा अभियंता घर पाहील आणि मोठा दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल किंवा किंमत नव्याने ठरेल. विक्रेता हे मान्य करत नसेल, तर सही करण्यापूर्वी दोन तास घर उघडून द्यायला सांग. कितीही घाई असली तरी एवढी सवड निघते. तेवढ्यालाही तो नाही म्हणाला, तर ते घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ दे.

अभियंता दलालाच्या ओळखीचा नको. माळ्यावर चढायला शिडी आणि वासे टोचून पाहायला दाभण बरोबर ने. रविवारी जाणार असशील तर मला आदल्या दिवशी कळव, मीही येतो.