आधी रॅम टाकू की एसएसडी?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४ चा आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू करून चहा करून आलं तरी अजून गोल फिरतच असतं. बॅटरी जेमतेम वीस मिनिटं. एक मित्र म्हणतो १६ जीबी रॅम टाक, दुसरा म्हणतो फेकून दे. काय करू? काम म्हणाल तर ब्राउजर, वर्ड, एक्सेल एवढंच.

उत्तर : फेकू नका, आणि रॅमकडे लगेच धावूही नका. आधी एक करा, लॅपटॉप चालू केल्यावर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये बघा, डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते का. मला तर खात्रीच आहे की दिसणार, कारण लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारणारी असते, सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते आणि तेही फाइल सलग असेल तर, बारीकसारीक फाइली इकडेतिकडे विखुरलेल्या असल्या की तिचा पार जीव जातो. एसएसडी म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, त्यातली साटा (म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) ५०० एमबीच्या पुढे जाते आणि विखुरलेल्या फाइलींचं तिला काही वाटत नाही, खरा फरक तिथेच पडतो. तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा, अडीच इंची साटा. जाडी मात्र बघून घ्या, बहुतेक एसएसडी ७ मिमीच्या आणि काही जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ मिमीची असते, मग नुसती पातळ फ्रेम लावावी लागते, घाबरायचं काही नाही.

मग रॅम. ४ ची ८ करा, तुमच्या कामाला भरपूर झाली, १६ घेतलीत तर अर्धी नुसती पडून राहील. पण घेताना डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टचीच मागा, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ खाचेत अगदी नीट बसते आणि तरी या पिढीचे बरेच लॅपटॉप तिच्यावर सुरूच होत नाहीत, आणि मग लोक मदरबोर्ड गेला म्हणून रडत बसतात! डीडीआर४ तर बसणारच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. खालचं झाकण उघडून स्लॉट किती आहेत तेही बघा, काही मॉडेलना एकच असतो.

बॅटरी बदला, पण झाकण किंवा टचपॅड वर उचललेलं दिसत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच, फुगलेल्या बॅटरीवर लॅपटॉप चालवायचा नाही म्हणजे नाही. प्रोसेसर बदलायचा विचार डोक्यातून काढा, पातळ लॅपटॉपमध्ये तो बोर्डावर सोल्डरच केलेला असतो.

आता कटू भाग. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, त्यामुळे रॅम कितीही वाढवा, अधिकृतपणे ते तुमच्या मशीनवर येणार नाही. मी तुमच्या जागी असते तर नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली असती. ब्राउजर तोच मिळतो, वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, फक्त एक्सेलमध्ये मॅक्रो वापरत असाल तर आधी मिंट पेन ड्राइव्हवरून सुरू करून तुमच्या फाइली त्यात चालतात का ते बघा. जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवता येईल, मात्र एकुलता एक बॅकअप तिच्यावर नको, म्हातारी झालीय ती.

प्रश्न : एम.२ स्लॉट आहे म्हणून एनव्हीएमई एसएसडी आणली, बसली पण, तरी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगच्या मेनूत) दिसतच नाही. खराब निघाली का?

उत्तर : बहुतेक नाही. एम.२ हा फक्त पट्टीसारख्या एसएसडीचा आणि तिच्या खाचेचा आकार झाला, आतून काही स्लॉट नुसते साटा चालवतात, काही एनव्हीएमई ही जास्त वेगवान पद्धत, काही दोन्ही. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात लिहिलेलं असतं. स्लॉट साटाचाच निघाला तर ती परत करून एम.२ साटा घ्या.