सांगलीच्या मुलीनं संगीत नाटक शिकायला इंग्लंडला जावं का?

प्रश्न: आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गाण्याची मध्यमा पूर्ण झाली आहे, लहानपणापासून कथक शिकते, शाळेच्या नाटकांत अभिनयाची बक्षिसं मिळाली आहेत. तिला इंग्लंडच्या एका विद्यापीठात म्युझिकल थिएटरची (गाणं, नाच आणि अभिनय एकत्र असलेल्या नाटकांची) चार वर्षांची पदवी करायची आहे. त्यातलं तिसरं वर्ष प्रोफेशनल प्लेसमेंटचं आहे, म्हणजे नोकरीचं विद्यापीठच बघेल असं मला वाटतं. तिचे बाबा म्हणतात, मराठी नाटक जन्मलं सांगलीत, ते शिकायला विलायतेला कशाला? खर्चासाठी कुपवाडचा प्लॉट गहाण ठेवावा लागेल. ठेवावा का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, प्लॉटचं आधी सांगते. आत्ता गहाण ठेवू नका. याचा अर्थ मुलीला नाही म्हणा असा नाही. तिची तयारी वाचून मला बरं वाटलं, कारण या विषयासाठी माझ्याकडे येणारी बरीच मुलं नुसती रील्स करून आलेली असतात. पण तुम्ही ज्या भरवशावर प्लॉट गहाण टाकायला निघाला आहात, तो भरवसा त्या अभ्यासक्रमात नाही.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला कॅम्पसमध्ये कंपन्या येतात आणि पोरं ऑफर लेटर घेऊन घरी येतात, तसलं हे प्लेसमेंट नाही. तिकडे प्लेसमेंट इयर म्हणजे शिक्षण मध्येच थांबवून वर्षभर एखाद्या नाट्यसंस्थेत काम करायचं, त्यावर अहवाल लिहायचा, त्याचं मूल्यमापन होतं आणि मग शेवटच्या वर्षाला परत वर्गात. जागा बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानं स्वतःच शोधायची असते. विद्यापीठाचा करिअर विभाग पत्ते देतो, मुलाखतीची तयारी करून घेतो, एवढंच. जागा मिळाली नाही तर सहसा विद्यार्थ्याला त्याच पदवीच्या तीन वर्षांच्या आवृत्तीत टाकतात. पैसे मिळतीलच असंही नाही. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून केलेल्या, एक वर्षापर्यंतच्या कामाला ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. काही संस्था देतात, काही फक्त प्रवासखर्च देतात.

आणि काम कसलं? मुलीच्या डोळ्यांसमोर लंडनच्या वेस्ट एंडचा, म्हणजे तिथल्या बड्या व्यावसायिक थिएटरांचा, रंगमंच असणार. प्रत्यक्षात प्लेसमेंटची मुलं बहुतेक स्टेज मॅनेजरच्या हाताखाली, वेशभूषा विभागात, शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेणाऱ्या गटात, कास्टिंगच्या, म्हणजे नट निवडणाऱ्या, कार्यालयात किंवा थिएटरच्या प्रसिद्धी विभागात असतात. मला स्वतःला हे काम हलकं वाटत नाही. उलट पुढे पोट भरायला हेच उपयोगी पडतं. पण मुलीला ते आधी माहीत हवं, आणि तिला ते आवडेल का हेही.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गाठ आहे, ती एजंट सहसा सांगत नाहीत. (त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हेही ते सांगत नाहीत.) ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतःचा धंदा करता येत नाही, फ्रीलान्स काम घेता येत नाही आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून नोकरीही करता येत नाही. म्हणजे शनिवारी हॉटेलात वेटरचं काम चालेल, पण तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मानधन घेऊन नाट्यपद म्हणणं नियमात बसणार नाही. प्लेसमेंट हा अभ्यासक्रमाचा मूल्यमापन होणारा भाग असला तर २० तासांची मर्यादा त्याला लागत नाही. पण त्या वर्षात व्यावसायिक प्रयोगात प्रत्यक्ष रंगमंचावर उभं राहता येईल का, हे विद्यापीठाच्या व्हिसा विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं उत्तर धरू नका.

त्याच ईमेलमध्ये आणखी विचारा: गेल्या तीन वर्षांत या अभ्यासक्रमातले किती विद्यार्थी प्लेसमेंटला गेले, त्यात परदेशी किती होते, ते कोणत्या संस्थांमध्ये गेले आणि प्लेसमेंटच्या वर्षाची फी किती. ब्रिटिश विद्यार्थ्यांना त्या वर्षी फी खूप कमी असते, परदेशी विद्यार्थ्यांचा हिशोब प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. 'आमचे विद्यार्थी नामांकित संस्थांमध्ये काम करतात' एवढंच उत्तर आलं तर मी ते विद्यापीठ यादीतून काढून टाकीन.

आता तिच्या बाबांचा मुद्दा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' केलं, ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो, नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे, हे सगळं खरं. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग आपण भाषणांत गाळतो. भाव्यांना आश्रय देणारे सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले, राजाश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. धंदा म्हणून नाटक त्यांना सांगलीबाहेर पडल्यावरच करावं लागलं. पुढे बालगंधर्व काय, मास्टर दीनानाथ काय, नाटक कंपनीत राहूनच शिकले. पदं, नक्कल, रंगभूषा, दौऱ्यातली धावपळ, सगळं एकत्र. इंग्रजी विद्यापीठं ज्याला प्लेसमेंट म्हणतात ते आपल्याकडे कंपनीत राहणं होतं, फरक इतकाच की फी भरावी लागत नव्हती.

तरीही बाबांचं म्हणणं मी अर्धंच मान्य करते. सांगली-मिरजेत तिला गाणं उत्तम मिळेल. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिनं ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा दिली असेल त्याचं नातंही मिरजेशीच आहे. पण म्युझिकल थिएटर हे वेगळं शिक्षण आहे. तिथे अभिनय, गाणं आणि नाच एकाच वेळी, एकाच श्वासात करावे लागतात. आपल्या संगीत नाटकात नट पद घ्यायला पुढे येतो, ऑर्गन आणि तबला त्याच्या मागे चालतात, टाळी आली तर तो आणखी दोन ताना घेतो, वन्स मोअर आला तर पद पुन्हा. म्युझिकलमध्ये हे चालत नाही. वाद्यवृंदाची मात्रा ठरलेली, प्रकाशाचा इशारा त्याच मात्रेवर, नेपथ्य त्याच मात्रेवर हलणार. नटी दोन मात्रा थांबली तर मागचे वीस जण अडकतात. शिवाय गाण्याचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, आणि तेही नाचून धाप लागलेली असताना. गळा लावायची पद्धतही निराळी. बोलण्याच्या आवाजातच वरच्या पट्टीत जोरकस गायचं तंत्र, ज्याला तिकडे बेल्टिंग म्हणतात, ते चांगल्या शिक्षकाशिवाय यूट्यूबवर बघून करायला गेली तर आवाज बसेल. हे मात्र तिला बजावून सांगा.

तिच्या जमेच्या बाजू कोणत्या? कथकमुळे तिची लय पक्की असणार, आणि तिकडच्या बहुतेक मुलांना तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. उणी बाजू म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, अनेक आवाजांत एकत्र गाणं, जॅझ आणि बॅले हे नाच, आणि इंग्रजी उच्चार. ऑडिशनला साधारण दोन वेगळ्या ढंगाची गाणी आणि एक-दोन स्वगतं मागतात, बोलावणं आलं तर नाचाचा वर्गही होतो. पहिली फेरी बहुतेक वेळा व्हिडिओवर असते. स्वरलिपी वाचायला तिनं आत्तापासून पियानोवर सुरुवात करावी. आपली सरगम डोक्यात असलेली मुलं हे लवकर उचलतात.

पैशांकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. परदेशी विद्यार्थ्याला अशा अभ्यासक्रमांची वर्षाची फी साधारण पंधरा ते पंचवीस हजार पौंड पडते. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. राहण्या-खाण्याचे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात, लंडनसाठी ते महिना दीड हजार पौंडांच्या आसपास. चार वर्षांचं सगळं धरलं तर आकडा एक कोटीच्या पुढे जातो. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, पण तेवढ्यात पहिल्या वर्षाची फीसुद्धा भागत नाही. समजा प्लॉटवर तुम्ही पन्नास लाख उचलले, साडेदहा टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता पंचावन्न हजारांच्या घरात येतो, आणि शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज वेगळंच. नाटकातल्या नव्या मुलीला पैसे प्रयोगामागे मिळतात, आपण ज्याला नाईट म्हणतो. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात. लंडनमध्येही नट दोन कामांच्या मधल्या काळात कॅफेत उभे असतात. शिक्षणानंतर राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसासुद्धा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळणार आहे. हा हप्ता त्या कमाईतून फिटत नाही, तो तुम्ही दोघांनी फेडायचा आहे, हे गृहीत धरून घरात बोला.

मग मी काय सुचवते? पदवी इथे, प्रत्यक्ष कामाचं वर्ष इथे, आणि परदेश नंतर, एका वर्षासाठी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य तिन्हींचे पदवी अभ्यासक्रम एकाच आवारात आहेत, आणि प्रवेश ऑडिशन घेऊन देतात. नाटकाला प्रवेश घेतला तरी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची संगत रोज मिळते, हा मोठाच फायदा. पुण्याच्या फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तर गाणं, नाच, चित्रं, वाद्यं सगळं एका सादरीकरणात आणावं लागतं, म्युझिकलची इतकी जवळची तालीम विद्यार्थ्यांना दुसरीकडे क्वचितच मिळते. घराजवळ हवं तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, प्रवेशाच्या अटी तिथे जाऊन बघून या. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणून प्रत्यक्ष कामाला श्रेयांक मिळतात. ते श्रेयांक तिनं ओळखीच्या ऑफिसातून सही आणून उरकू नयेत, एवढं बघा. नाट्यनिर्मात्याच्या व्यवस्थापकाकडे जावं, दौऱ्याच्या बसमधून फिरावं, नेपथ्य लागताना बघावं, नटांच्या कपड्यांना लावायचे छोटे लेपल माइक बसवायला शिकावं. भावे नाट्यमंदिरात किंवा मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात पुण्या-मुंबईचं नाटक येतं तेव्हा दुपारी तीनला मागच्या दारानं जाऊन ध्वनियोजना करणाऱ्याला 'मी हाताखाली थांबू का?' विचारलं, तर बहुतेक जण हो म्हणतात. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे, तिथे गाणारी मुलगी संस्थांना हवीच असते.

काम नाही, असं समजू नका. 'संगीत देवबाभळी' २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं, दोनच नट्या, दोघीही प्रत्यक्ष गाणाऱ्या, आणि लोकांनी गर्दी केली. मुंबईत २०१६ पासून मोठी हिंदी म्युझिकल्स होत आहेत, त्यांत कथक येणाऱ्या मुलींचे ताफेच लागतात. अशा कामाची एक-दोन वर्षं हातात असली की एक वर्षाचं एमए दिसायला लागतं. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्वेटॉयर ऑफ स्कॉटलंडमध्ये म्युझिकल थिएटरचं तसं एमए आहे. तेव्हा खर्चही एकाच वर्षाचा, आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टसारख्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था अनुभव असलेल्या भारतीय कलाकारांनाच विचारात घेतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही पदवी आणि आधी केलेली नाटकं लागतात, म्हणजे तोही रस्ता याच वाटेवर आहे.

एकच अपवाद. पदवीच्या वयातच तिला फी अर्ध्याहून जास्त माफ करणारी शिष्यवृत्ती मिळाली आणि वर सांगितलेल्या ईमेलचं उत्तर संस्थांच्या नावांसकट आलं, तर मी माझं मत बदलीन आणि मग प्लॉटबद्दल पुन्हा बोलू. अर्ज करून बघायला हरकत नाही. अर्जाचे पैसे फार नसतात आणि ऑडिशनची तयारी ललित कला केंद्रासाठीही उपयोगी पडते.

बाबांना एकदा तिच्याबरोबर रंगमंचामागे पाठवा, प्रयोगाआधी तीन तास. तिथलं काम बघून ते खुश होतील की घाबरतील, मला सांगता येत नाही, पण निर्णयाच्या आधी त्यांनी ते बघितलेलं असावं. बारावीचा निकाल आणि विद्यापीठाचं उत्तर, दोन्ही आलं की मला कळवा.