कमी पैशांत युरोपात सायकल आणि तंबू घेऊन फिरायचंय, सुरुवात कुठून करू?

पहिल्याच खेपेला आल्प्सच्या नादी लागू नका. डॅन्यूब नदीकाठचा, जर्मनीतल्या पासाऊ ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना हा टप्पा धरा: साधारण 320 किलोमीटर, जवळपास सपाट, आणि पूर्वेकडे जाताना वाराही बहुधा पाठीशी. हा युरोवेलो 6 या अनेक देशांतून जाणाऱ्या लांब सायकलमार्गाचाच भाग, त्यामुळे पाय शिवशिवले तर पुढे बुडापेस्ट आहेच.

पैसे वाचतात ते तंबूत आणि सुपरमार्केटात. मात्र ऑस्ट्रियात दिसेल तिथे तंबू ठोकता येत नाही, कॅम्पसाइट गाठा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी दुपारीच पाव, चीज, केळी पिशवीत हवीत. (पातळ पोहे घरून न्या, गरम पाण्यात दोन मिनिटांत काम होतं.) स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तिथेच घ्या. आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, ते गणित तिकीट काढण्याआधी करा.